क्लास सुटेपर्यंतचा वेळ

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मुलांचा नृत्यवर्ग, पोहण्याची बॅच किंवा क्रिकेटचा सराव साधारणपणे तास-दीड तास चालतो, आणि संध्याकाळच्या वाहतुकीत घरी जाऊन परत येण्यातच तेवढा वेळ खर्ची पडत असल्यामुळे सोबत आलेले आई, वडील किंवा आजी-आजोबा तिथेच थांबतात. या थांबण्याला बहुतेक घरांत मोकळा वेळ समजले जाते; ही समजूत चुकीची आहे. माणसाचे चोवीस तास कोणकोणत्या कामांत जातात याची नोंद ठेवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी २०१६ मध्ये जे वर्गीकरण ठरवले, त्यात स्वतःच्या मुलांना सोबत करणे हे विनावेतन संगोपनाच्या कामात धरले आहे. त्याच वर्गीकरणाच्या आधारे भारतात २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, घरातील माणसांची काळजी घेण्याच्या कामात सहभागी असलेल्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे, तर पुरुष ७६ मिनिटे देत होते, आणि घरकामाच्या बाबतीत हेच आकडे २९९ व ९७ मिनिटे असे होते. जिचा दिवस असा आधीच भरलेला आहे, तिने बाकड्यावरचा तासही सत्कारणी लावावा अशी अपेक्षा धरण्यापूर्वी, तिथे डोळे मिटून स्वस्थ बसणे हाही त्या वेळेचा उत्तम उपयोग आहे, हे मान्य करायला हवे.

ज्यांना काही करावेसे वाटते, त्यांनी प्रथम त्या वेळेचे स्वरूप पाहावे. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेत थांबणाऱ्यांच्या मानसशास्त्रावर लिहिताना दाखवून दिले की रिकाम्या हातांनी काढलेला वेळ लांबल्यासारखा वाटतो, किती थांबावे लागेल हे ठाऊक नसले तर तो आणखी लांबतो, आणि सोबत असली की तो सुसह्य होतो. नेहमीचा वर्ग ठरल्या वेळी सुटतो, त्यामुळे तिथे सलग वाचन किंवा पत्रलेखन जमते. स्नेहसंमेलनाची तालीम किंवा स्पर्धा केव्हा संपेल याचा मात्र नेम नसतो, म्हणून अशा दिवशी क्रोशाचे विणकाम, पालेभाजी निवडणे किंवा दिवाळी अंकातील एखादी कथा, अशी कुठेही थांबवून पुन्हा हाती घेता येणारी कामे बरी. मूल लहान असेल आणि पोहायला शिकत असेल, तर यांपैकी काहीच करू नये. तिथे नजर पाण्यावरच हवी.

कार्यालयाचे काम मोबाइलवर उरकण्याचा मोह सर्वांत मोठा असतो आणि तोच सर्वांत कमी फलदायी ठरतो. एक काम अपुरे सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर मनाचा काही भाग पहिल्यातच गुंतून राहतो; सोफी लेरॉय यांनी २००९ मधील संशोधनात या गुंतण्याला ‘अवधानाचा अवशेष’ या अर्थाचे नाव दिले. वर्ग सुटताच अर्धवट उत्तर तसेच ठेवून उठलेला पालक मुलाच्या शेजारून चालत असतो खरा, पण नवीन शिकलेला तोडा सांगण्याची मुलाची घाई त्याच्या कानांपर्यंत पोहोचत नाही, आणि वर्गानंतरची ही पंधरा मिनिटे पुन्हा मिळत नाहीत. काम टाळता येतच नसेल, तर पुढची पायरी एका ओळीत लिहून ठेवावी आणि वर्ग सुटण्यापूर्वीच मोबाइल बंद करावा.

चालणे हा मात्र जवळजवळ प्रत्येकाला परवडणारा उपयोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, म्हणजे श्वास थोडा वाढेल पण बोलता येईल इतक्या वेगाने चालावे. आठवड्यातून तीन वर्ग असतील आणि प्रत्येक वेळी पन्नास मिनिटे चालले, तर ही मात्रा तेवढ्यातच पुरी होते. दादरच्या शिवाजी पार्कभोवतीची फेरी एक किलोमीटरहून थोडी अधिक भरते, आणि मैदानात नेटमध्ये मुलांचा सराव चालू असताना त्यांचे पालक तीन-चार फेऱ्या सहज मारू शकतात. इतर पालक बरोबर आले, तर एकटेपणाचा प्रश्नही सुटतो.

अशी सोय सर्वत्र नसते, याची जबाबदारी वर्ग चालवणाऱ्यांनीही घ्यायला हवी. जिन्याच्या पायऱ्यांवर किंवा स्कूटरला टेकून ताटकळणाऱ्यांना वेळेच्या नियोजनाचे धडे देऊन काही साधत नाही. त्यांना सावलीतले बाकडे, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि सुटण्याची पाळली जाणारी वेळ लागते. त्याच्या जोडीला वाचून झालेल्या पुस्तकांचे एक कपाट ठेवले, तर त्याला फारसा खर्च येत नाही, आणि ते भरण्याचे काम पालक आनंदाने करतील.