गिअरबॉक्स गेला नाही, आधी नंबर वाचा!

घरात अजून जुनी एमएच-०७ जीप आहे? आजोबांनी घेतलेली, बाबांनी चालवलेली आणि आता कधी पर्यटकांना तारकर्लीला नेणारी, कधी रापणीची जाळी वाहणारी? मग एक ना एक दिवस तुमच्या कानावर पडणारच, ‘रे, ह्यो आवाज कसलो येता?’ पुढचं वाक्यही ठरलेलं, ‘गिअरबॉक्स गेलो. सेकंडहँड बघ.’ सीझन तोंडावर आलेला असताना गाडी पंधरा दिवस उभी राहणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी तिच्या भाड्यावर कॉलेजची फी भरली जाते त्यांना सांगायला नको. पण जरा थांबा. पुष्कळदा गिअर शाबूत असतात, संपलेलं असतं ते बेअरिंग.

आधी आवाज ऐका. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, क्लच सोडलेला. घरघर येतेय आणि क्लच दाबला की थांबतेय? संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर तो क्लचच्या रिलीज बेअरिंगचा. आणि टॉप गिअरमध्ये शांत, बाकीच्या गिअरमध्ये घरघर असेल तर लेशाफ्टकडे बघा. या जुन्या गाड्यांत टॉप गिअर थेट असतो, तेव्हा लेशाफ्टवर भारच येत नाही.

आता खरी गंमत. जुनं बेअरिंग काढल्यावर फेकू नका! रॉकेलने धुवा, कडेवरचा नंबर उजेडात धरून वाचा आणि फोटो काढा. समजा ६२०४ आहे. पहिला ६ म्हणजे साधं बॉल बेअरिंग. २ म्हणजे हलकी मालिका. शेवटच्या ०४ ला ५ ने गुणा : २० मिलिमीटर, हे आतलं भोक. (०४ पासून पुढेच हा गुणाकार चालतो. ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७.) ६३०४ चं भोकही २० च, पण ते जास्त भार पेलणारं : बाहेरून ५२ मिमी, रुंदी १५. आणि ६२०५? तेही बाहेरून ५२, रुंदी १५, फक्त भोक २५. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवली तर घाईत सहज चुकायला होतं.

नंबर झिजला असेल तर व्हर्नियर घ्या. हो, अकरावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलमधलं तेच! मालवणच्या तंत्रनिकेतनात कुणी मित्र असेल तर त्याला गाठा. आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी, तिन्ही मापं घ्या. शिवाय शाफ्ट आणि बेअरिंगची बैठकही मोजा. वीस-तीस वर्षांच्या गाडीत आधी कुणीतरी भलतंच बेअरिंग ठोकून बसवलेलं असू शकतं, आणि तुम्ही इमानदारीने त्याचीच नक्कल घेऊन याल.

जीपच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. महिंद्राने मुंबईत माझगावला विलिज जीप जोडायला सुरुवात केली. गाडी मूळची अमेरिकन, म्हणून त्या घराण्यातल्या ट्रान्सफर केसमध्ये इंचाच्या मापाची टेपर रोलर बेअरिंग भेटतात. सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिमी. दुकानदार म्हणेल, ‘बत्तीस घे, चालता.’ नाही चालत. पाव मिलिमीटर ढिलं बसलेलं बेअरिंग शाफ्टवर फिरत राहतं आणि शाफ्टच खातं. टेपर बेअरिंगची आतली कोन आणि बाहेरचा कप ही जोडी एकत्रच घ्या, जुन्या कपात नवी कोन नको.

नंबरानंतरची अक्षरं तर कुणी बघतच नाही. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टूआरएस म्हणजे रबरी सील. गिअरबॉक्समधलं बेअरिंग बहुधा उघडं असतं, कारण त्याला गिअर ऑइलच वंगण देतं. ‘सीलवालं जास्त चांगलं’ म्हणून ते बसवलं की ऑइल आत जायची वाट बंद, आणि काही गिअरबॉक्समध्ये त्यामागच्या भागाचीही. एनआर म्हणजे बाहेरच्या कड्यावर खाच आणि त्यात लॉक रिंग. ती नसेल तर शाफ्ट पुढे-मागे सरकतो. सी३ म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक, गरम झाल्यावर फुगायला जागा. म्हणून मूळ नंबर अक्षरांसकट जुळवा.

कुडाळ-कणकवलीत नाही मिळालं तर कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर आहेच. घाट चढण्याआधी फोटो पाठवा, फोनवर पूर्ण नंबर वाचून दाखवा. एसकेएफची बेअरिंग पुण्यात चिंचवडलाही बनतात, पण नावाजलेल्या कंपन्यांचा नकली मालही बाजारात भरपूर. कोरलेली अक्षरं पुसट, भाव संशयास्पद कमी आणि बिल द्यायला नकार, असं असेल तर सरळ बाहेर पडा. एसकेएफचं नकली माल ओळखायला मदत करणारं ‘ऑथेंटिकेट’ नावाचं ॲप आहे, ते फोनमध्ये टाकून ठेवा.

बसवताना मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा. शाफ्टवर चढवताना दाब आतल्या कड्यावर, खोबणीत बसवताना बाहेरच्या कड्यावर. उलटं केलं तर घाव गोळ्यांमधून जातो आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी आतून डागाळतं. चढत नसेल तर गरम ऑइलमध्ये ठेवा, सुमारे १०० अंशांपर्यंत. गॅसची ज्योत मारू देऊ नका.

आणि बेअरिंग गेलं का, हेही बघा. निघालेलं ऑइल चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. देवबागच्या वाळूत भरतीच्या पाण्यातून गाडी काढणाऱ्यांना हे अनोळखी नाही, आणि खारं पाणी असेल तर गंज लवकर धरतो. अशा वेळी ऑइल सील बदला, ब्रीदरचं भोक साफ करा, नाहीतर नवं बेअरिंगही पावसाळा काढणार नाही. नवं ऑइल भरून काही दिवस चालवल्यावर ड्रेन प्लग एकदा उघडा. त्यावर चमकदार कणी दिसली तर गाडी पुन्हा भाड्याला पाठवण्याआधी बॉक्स परत खाली घ्यायला लावा.