बुरशी कपाटात, शिंका नाकात

पावसाळ्यात कपाटातली चामडी चप्पल बाहेर काढली की तिच्यावर हिरवट-पांढरी लव दिसते. ती लगेच झटकू नका! ती बुरशी आहे, आणि झटक्यासरशी तिचे असंख्य बीजाणू हवेत उडतात. एकेक बीजाणू साधारण केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढा किंवा त्याहूनही बारीक, त्यामुळे श्वासाबरोबर सहज आत जातो. बहुतेकांना काही होत नाही. काहींचं शरीर मात्र त्यातल्या प्रथिनांना शत्रू समजतं. मग नाकातल्या पेशी हिस्टामिन सोडतात आणि शिंका, खाज, नाक गळणं सुरू होतं. दमेकऱ्यांना तर धाप लागते. मेलेले बीजाणूही अ‍ॅलर्जी आणू शकतात, म्हणून बुरशी नुसती मारून भागत नाही. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्यानं पुसून काढावी लागते. भिंतीतली ओल तशीच राहिली, तर बुरशी पुन्हा उगवतेच.