शाळेच्या कपाटातील इतिहास

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला. महसुली दप्तरे, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि शाळांची जुनी रजिस्टरे धुंडाळली जाऊ लागली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची निकड भासली. त्यामागील आरक्षणाच्या प्रश्नाची चर्चा येथे कर्तव्य नाही. परंतु जुना कागद सामान्य माणसाच्या जीवनाशी किती निगडित असतो आणि तो वाचण्याच्या विद्येची आपल्या शिक्षणाने किती उपेक्षा केली आहे, हे त्यानिमित्ताने स्पष्ट झाले.

वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्याला सव्वाशे वर्षे उलटून गेली. भौतिक, लिखित व मौखिक असे साधनांचे तीन प्रकार आजचा विद्यार्थी पाठ करतो आणि उत्तरपत्रिकेत लिहितो. एकही साधन मात्र त्याच्या हाती पडत नाही. याचा दोष एकट्या शिक्षकाला देता येणार नाही. जे त्याला प्रशिक्षणात हाताळावयास मिळाले नाही, ते त्याने वर्गात कसे हाताळावे?

परभणी-परळी लोहमार्गावरील पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. अशा गावातील शिक्षकाला साधनांसाठी पुण्या-मुंबईच्या दप्तरखान्यांत जाण्याचे कारण नाही. शाळेच्या कपाटातील प्रवेश-निर्गम रजिस्टर हे अस्सल साधनच होय. त्यातील जन्मतारखांचा रकाना पाहावा. जुन्या पिढीतील कितीतरी मुले १ जून रोजीच जन्मलेली दिसतात! मुले प्रथम हसतील आणि मग विचारतील, असे कसे? घरात जन्माची नोंद नसे, शाळा जूनमध्ये उघडत आणि प्रवेशासाठी वय पुरे भरणे आवश्यक असे. म्हणून गुरुजी अंदाजाने ती तारीख लिहीत. जन्मतारीख म्हणून ती नोंद अविश्वसनीय, पण त्या काळच्या समाजस्थितीचा पुरावा म्हणून अत्यंत विश्वसनीय. कागद कोणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि त्यात काय लिहिलेले नाही, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय या एका रकान्यातून लागू शकते. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात मुलींपुढे काय लिहिले आहे, हे पाहिले तर आणखी एक प्रकरण उघडते. नावे आणि जातीचा रकाना झाकूनच हे पाठ घ्यावेत, हे भान मात्र शिक्षकाला आधी दिले पाहिजे.

मराठवाड्याच्या बाबतीत हे प्रशिक्षण विशेष अगत्याचे आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि उर्दू ही कारभाराची भाषा होती. आजोबांच्या शेताचा कागद नातवाला वाचता येत नाही, अशी घरे येथे थोडी नाहीत. १९७२ चा दुष्काळ सोसलेली माणसे आज वार्धक्यात आहेत. त्यांची साक्ष नोंदविण्यास आणखी किती वर्षे मिळणार?

अभ्यासक्रम उरकण्याची घाई आणि अशैक्षणिक कामांचा बोजा यांत हे कसे जमावे, असा आक्षेप घेतला जाईल व तो अनाठायी नाही. परंतु नव्या शैक्षणिक धोरणाने, म्हणजे २०२० च्या धोरणाने, प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण अपेक्षिले आहे. त्यांपैकी १० तास जरी व्याख्यानांऐवजी प्रत्यक्ष कागदांना दिले, तरी प्रारंभ होईल. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्रत्येक शिक्षकाला आपल्याच शाळेतील एक नोंद घेऊन बोलवावे, तिची दुसऱ्या साधनाशी तुलना करावयास लावावी आणि इच्छुकांना मोडी व उर्दू लिपींचे प्राथमिक वाचन शिकवावे. इंग्लंडमध्ये १९७२ साली सुरू झालेल्या शालेय इतिहास प्रकल्पाने मुलांपुढे पुरावे ठेवण्याचा मार्ग धरला. त्याचाही अनुभव आपल्याला उपयोगी पडेल.

कागदावर छापले ते खरे, अशी समजूत घेऊन शाळेबाहेर पडलेला नागरिक उद्या कचेरीत दलालाच्या आणि सभेत वक्त्याच्या स्वाधीन होतो. त्याला पुरावा तपासण्याची सवय लावणे हे इतिहासाच्या शिक्षकाचे काम आहे, आणि त्या शिक्षकाला त्यासाठी समर्थ करणे ही शासनाची जबाबदारी आहे.