भूतकाळाचा कर्ता

इंग्रजीच्या भूतकाळी क्रियापदाइतके निर्विकार क्रियापद क्वचितच सापडेल. 'वेंट' हे एकच रूप मी, तू, तो, ती, आम्ही आणि ते या सर्वांच्या मागे निमूटपणे उभे राहते. 'वॉज' आणि 'वेअर' एवढा अपवाद सोडला, तर त्या रूपावरून कर्त्याचे लिंग, वचन किंवा पुरुष यांपैकी कशाचाही बोध होत नाही. साहजिकच कर्त्याची ओळख पटविण्याचा सारा भार सर्वनामावर येऊन पडतो, आणि ते गाळण्याची मुभा त्या भाषेला उरत नाही. प्रमाण मराठीत 'आली' एवढे म्हटले की एकच स्त्री, आणि तीही बोलणारी वा समोरची नव्हे, इतका मजकूर त्या दोन अक्षरांत दाखल होतो. म्हणूनच 'आय वेंट' या दोन शब्दांशी मराठी भाषांतरकार अडतो, कारण बोलणारा पुरुष की स्त्री याचा निवाडा केल्यावाचून त्याला 'गेलो' किंवा 'गेले' लिहिता येत नाही.

सकर्मक क्रियापदाकडे वळले म्हणजे हा भेद मुळापर्यंत जातो. 'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने पोळी खाल्ली': येथे क्रियापद रामाला विचारीतच नाही, ते आंब्याच्या आणि पोळीच्या लिंगाप्रमाणे बदलते. संस्कृतातील भूतकाळवाचक धातुसाधित विशेषण आणि त्याच्या जोडीचा तृतीयान्त कर्ता प्राकृतांच्या वाटेने मराठीत उतरले, त्याचा हा वारसा आहे. ज्या महाराष्ट्री प्राकृतात हे स्थित्यंतर पाहता येते, तिच्या गाथासप्तशतीचे नाव परंपरेने सातवाहन राजा हाल याच्याशी, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून जेमतेम पन्नास किलोमीटरांवरच्या पैठणच्या राजकुळाशी जोडले गेले आहे. पुढे कर्मालाच 'ला' वा 'ना' लागला, तर 'शिक्षकाने मुलांना मारले' असे क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात अलिप्त होऊन बसते. आणि 'तू मला पुस्तक दिलेस' यात तर ते कर्माचे लिंग पाळून कर्त्याचा पुरुषही शेपटाला बांधून घेते, ज्याला वैयाकरणांनी संकर म्हटले ते उगीच नव्हे. बरे, नियम म्हणावा तर 'ती धडा शिकली', 'मी पाणी प्यालो', 'तो नाव विसरला' ही सकर्मक मंडळी कर्त्याशीच एकनिष्ठ राहतात. इंग्रजीतील अनियमित भूतकाळी रूपांच्या नावाने बोटे मोडणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याने हेही ध्यानी घ्यावे की 'गो'चे 'वेंट' जसे 'वेंड' या निराळ्या धातूकडून उसने आलेले, तसे आपल्या 'जाणे'चे 'गेला' हेही 'या' धातूचे नसून 'गम्' धातूचे आहे.

सर्वनामांच्या बाबतीत मराठी स्वतःशीच विसंगत आहे. 'त्याने आंबा खाल्ला' यात 'ने' आहे, पण 'मी आंबा खाल्ला' यात तो नाही. जुन्या मराठीतील 'म्या' आणि 'त्वा' ही तृतीयेची रूपे ग्रामीण बोलण्यात कानी पडतात, प्रमाण भाषेने मात्र त्यांना रजा दिली आहे. इंग्रजीने नामांच्या विभक्ती टाकल्या, पण 'ही' आणि 'हिम' या सर्वनामांच्या जोडीत त्यांचा अवशेष जपला, हे याच्या नेमके उलट होय.

आमच्या या शहराला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, या प्रकरणात आणखी एक पदर आहे. निजामी अमदानीत माध्यमिक शिक्षण उर्दूतून होत असे, आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही उर्दू माध्यमाच्या जोडीला इंग्रजी हा सक्तीचा विषय होता. त्यामुळे मुंबई इलाख्यातील मुलगा दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये, इंग्रजी व्याकरणांचा साचा समोर ठेवून, घालून दिलेल्या मराठी व्याकरणाच्या परंपरेतून भूतकाळ, सर्वनाम, शब्दयोगी अव्यय हे शब्द घेऊन इंग्रजीकडे जाई, तेव्हा मराठवाड्यातील मुलगा 'माझी', 'जमीर' आणि 'हर्फे-जार' या त्यांच्या उर्दू प्रतिशब्दांच्या शिदोरीवर तोच मार्ग चाले. मौलवी अब्दुल हक, ज्यांच्या संपादकत्वाखाली 1937 साली इंग्रजी-उर्दू कोश प्रसिद्ध झाला, ते याच शहरातील महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे ठाणेही अनेक वर्षे येथेच होते. त्यात गंमत अशी की वर्गातील उर्दू 'मैंने' शिकवी, आणि बाजारातील दखनी तो 'ने' खुशाल गाळून 'मैं खाना खाया' म्हणे. एकाच मुलाच्या कानावर भूतकाळाच्या कर्त्याविषयी घरी, शाळेत आणि शहागंजाच्या बाजारात तीन निरनिराळे कायदे पडत. मोरो केशव दामल्यांच्या 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त प्रयोगविचाराला जो विस्तार लाभला, तो या मुलाच्या हाती पडता, तर माझ्या मते, त्याची निम्मी भीती गेली असती.

आता शब्दयोगी पदसमूह. आपण 'घोड्यावर' म्हणतो, म्हणजे आधी नामाचे सामान्यरूप करतो, मग प्रत्यय वा अव्यय जोडतो, आणि हा जोड इतका पक्का असतो की तो पदसमूह वाक्यात कोठेही नेला तरी त्याचे नाते सुटत नाही. इंग्रजीत अव्यय नामाच्या आधी येते आणि ते नेमके कशाला लागू आहे हे बहुधा शेजारावरून ठरवावे लागते. 'द तलाठी रिपोर्टेड द थेफ्ट टु द तहसीलदार इन द व्हिलेज' या वाक्यात गावात कोण होते, चोरी, तलाठी की तहसीलदार, हे वाक्य सांगत नाही. मराठीत 'गावातील चोरीची वर्दी तलाठ्याने तहसीलदारांना दिली' किंवा 'तलाठ्याने तहसीलदारांना चोरीची वर्दी गावातच दिली' असे निःसंदिग्धपणे लिहावेच लागते. सरकारी दप्तरातील इंग्रजी अहवालांची जी मराठी भाषांतरे दुर्बोध म्हणून हिणविली जातात, त्यांतील बराच दोष भाषांतरकाराने हा निवाडा न करता पदसमूह होता तेथेच ठेवून दिल्याचा असतो.

विद्यार्थ्यांच्या चुका याच सांध्यांवर होतात. 'ही इज अँग्री ऑन मी' यात 'माझ्यावर' आहे, 'मॅरिड विथ' यात 'तिच्याशी' आहे, आणि 'डिड नॉट वेंट' यात, भूतकाळाची खूण मुख्य क्रियापदावर असलीच पाहिजे, हा आपला पिढीजात आग्रह आहे. या चुकांना निष्काळजीपणा म्हणणारे शिक्षक मला नेहमीच थोडे अन्यायी वाटत आले आहेत. सर्वांत चिवट चूक मात्र 'आय हॅड गॉन टु पैठण यस्टरडे' ही. मराठीत 'काल पैठणला गेलो होतो' हे साध्या भूतकाळासारखेच वापरले जाते. मराठवाड्याच्या बोलीत तर 'गेलतो' असे झिजून त्याचे एकच पद झाले आहे, आणि उर्दूतील 'गया था', ज्याला व्याकरणात दूरचा भूतकाळ म्हणतात, तेही व्यवहारात कालच्याच गोष्टीला लागते. तेव्हा 'हॅड' वापरू नका, असे फळ्यावर लिहून भागत नाही. 'तो स्थानकावर पोहोचला तेव्हा पैठणची गाडी सुटली होती' या वाक्यातला 'होती' दोन गतगोष्टींपैकी आधीची दाखवितो, आणि येथे मराठीचा व इंग्रजीचा हिशेब तंतोतंत जुळतो. धड्याचा आरंभ या वाक्यापासून करावा आणि 'गेलतो' मागाहून घ्यावे.