फेस किती आणि काम किती?

विद्यार्थी मित्रहो, रविवारी सकाळी आपल्या गल्लीतून एक फेरफटका मारा. कोणी स्कूटर धूत असेल, कोणी मोटार. शेजारी बादली, हातात फडके आणि बादलीवर पांढऱ्याशुभ्र फेसाचा डोंगर! जितका फेस जास्त तितका साबण चांगला, असे धुणाऱ्याला वाटते आणि विकणाराही तेच सांगतो. हे मत खरे आहे का? गाडी धुण्याचा साबण चांगला की वाईट, हे घरच्या घरी कसे ओळखावे? आज आपण त्याची परीक्षा घेऊ. त्यासाठी प्रयोगशाळा नको. हळद, ड्रॉपर, एक फळी, कोनमापक आणि दोन-तीन जुन्या सीडी एवढे साहित्य पुरेसे आहे.

पण हा प्रश्न माझ्यापुढे कसा उभा राहिला, ते आधी सांगतो.

आमच्या सोसायटीत एक मुलगा पहाटे पाचला येतो आणि सात-आठ गाड्या धुऊन कॉलेजला जातो. त्याच पैशांतून तो फी भरतो. एका संध्याकाळी शेजारच्या काकांना आपल्या गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर दिव्याच्या प्रकाशात बारीक बारीक रेघा दिसल्या. रेघा कशा, तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या, एकात एक वर्तुळे काढल्यासारख्या. काकांनी तिथेच निकाल दिला : "हा मुलगा फडके गोल गोल फिरवतो. ही वर्तुळे त्याचीच! या महिन्याचे पैसे मिळणार नाहीत." जमलेल्या सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला हे कळले. तो एवढेच म्हणाला, "काका, फडकं तुमचंच, पावडर तुमचीच, बादली पण एकच दिलीत. मी दुसरं काय करू?"

ताटातील वर्तुळे

त्या रात्री जेवताना माझे लक्ष समोरच्या स्टीलच्या ताटाकडे गेले. ताटात दिव्याचे प्रतिबिंब पडले होते आणि त्याभोवती तशीच वर्तुळे होती! मी ताट थोडे सरकवले. गंमत अशी, की ताट सरकले तरी वर्तुळांचा मध्य दिव्याच्या प्रतिबिंबापाशीच राहिला. वर्तुळे जर ताटावर कोरलेली असती, तर ती ताटाबरोबर सरकायला हवी होती. मग असे का व्हावे?

ताट घासताना ओरखडे सर्व दिशांना पडतात. प्रत्येक ओरखडा हा एक अगदी अरुंद, लांबट आरसा समजा. तो प्रकाश फेकतो आपल्या लांबीला आडव्या दिशेने. म्हणून दिव्याच्या प्रतिबिंबाकडून ज्या ओरखड्यापर्यंत रेघ काढली असता ती त्याला काटकोनात छेदील, तोच ओरखडा आपल्या डोळ्याला चमकताना दिसतो. बाकीचे तिथेच असतात, पण दिसत नाहीत. असे सगळे चमकणारे ओरखडे मिळून दिव्याभोवती वर्तुळांचा भास होतो. दिवा हलवा, की वेगळे ओरखडे चमकू लागतात आणि वर्तुळांचा मध्य दिव्याबरोबर हलतो.

सकाळी मी विजेरी घेऊन काकांच्या गाडीपाशी गेलो. विजेरी डावीकडे नेली, वर्तुळे डावीकडे गेली. उजवीकडे नेली, ती उजवीकडे आली. म्हणजे वर्तुळांवरून हात कसा फिरला हे मुळीच सांगता येत नव्हते. आरोपाचा पुरावाच ढासळला! पण ओरखडे मात्र खरेच होते. ते कोणी काढले?

खरा ओरखडणारा

फ्रीड्रिख मोस या शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक श्रेणी तयार केली. तिच्यात सर्वांत मऊ संगजिऱ्याला १ आणि सर्वांत कठीण हिऱ्याला १० हा क्रमांक आहे. वरच्या क्रमांकाचा पदार्थ खालच्या क्रमांकाच्या पदार्थावर ओरखडा काढतो. रस्त्यावरच्या धुळीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात. त्यांचा क्रमांक आहे ७. साध्या काचेवरही ते ओरखडा काढतात, मग रंगाची काय कथा!

आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. हा एक प्रकारचा प्लॅस्टिकसारखा बहुवारिक पदार्थच आहे. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षाही सहसा कमी. गाडीची सगळी चकाकी या पातळ थरावर अवलंबून असते. फडके आणि रंग यांच्यामध्ये धुळीचा कण सापडला, की तो कण त्या थरावर रेघ ओढत जातो.

आता साबणाचे काम काय ते स्पष्ट झाले. पहिले काम, धूळ भिजवून सुटी करणे आणि फडके व रंग यांच्यामध्ये निसरडा थर ठेवणे, म्हणजे कण घासला न जाता निसटेल. दुसरे काम, रंगावर लावलेले मेण शक्यतो न काढणे. तिसरे काम, वाळल्यावर मागे डाग न ठेवणे. या तिन्हींत फेसाचे नाव कुठेच नाही!

साबणाचा रेणू आणि एक स्वयंपाकघर

साबणाच्या रेणूला दोन टोके असतात. एका टोकाला पाणी आवडते, दुसऱ्याला तेल. पाण्याच्या पृष्ठभागावर हे रेणू गर्दी करतात आणि पृष्ठताण कमी करतात. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला ७२ मिलिन्यूटन असतो. साबण घातल्यावर तो निम्म्याहून खाली येऊ शकतो. मग पाणी थेंबाथेंबाने गोळा होऊन न बसता पसरते आणि धुळीच्या कणाखाली शिरते.

पृष्ठताणाच्या अभ्यासात एका घरगुती भांडी धुण्याच्या जागेचा मोठा वाटा आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का? जर्मनीत आग्नेस पॉकेल्स नावाच्या बाई होत्या. जन्म १८६२ सालचा. त्या काळी तेथे मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. घरकाम करता करता पाण्यावरच्या तेलकट तवंगाकडे त्यांचे लक्ष गेले. त्यांनी पत्र्याची पन्हळ आणि एक छोटी चकती घेऊन पृष्ठताण मोजण्याचे साधन घरीच बनवले. १८९१ साली त्यांनी आपले प्रयोग लॉर्ड रॅले या नामवंत शास्त्रज्ञाला पत्राने कळवले, आणि त्यांनी ते पत्र 'नेचर' या नियतकालिकात छापून आणले. तेव्हा घरी काय प्रयोग होणार, असे म्हणू नका.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे बऱ्याच गावांत बोअरचे पाणी दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्याशी साध्या साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो. अपमार्जकांच्या बाबतीत हा त्रास फार कमी होतो. कपडे धुण्याच्या पावडरीत बहुधा धुण्याचा सोडाही असतो. कपड्यांच्या दृष्टीने तो उपयोगी, कारण तो पाणी सुफेन करतो आणि तेलकटपणा काढतो. पण गाडीवरचे मेणही त्याच्या तडाख्यातून सुटत नाही.

परीक्षा सुरू

मी तीन नमुने घेतले : कपड्यांची पावडर, भांड्यांचा द्रव साबण आणि गाडीचा शाम्पू. प्रत्येकाचे द्रावण पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात, आमच्या रोजच्याच पाण्यात केले. मग मुलीला सांगितले, पेल्यांवर फक्त अ, ब, क लिही आणि कोणते काय ते मला सांगू नकोस. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, नंबर असतो, तसेच हे. परीक्षकाला नाव कळले, की त्याच्या नकळत गुण झुकतात.

पहिली परीक्षा, थेंबांची. सुई नसलेल्या सिरिंजमधून ५ मिलिलिटर पाणी थेंब थेंब सोडा आणि थेंब मोजा. मग साबणाच्या द्रावणाचे मोजा. पृष्ठताण कमी, तर थेंब लहान, म्हणून त्यांची संख्या जास्त. तिन्ही नमुने साध्या पाण्याच्या फार पुढे गेले, पण आपसांत फरक फारसा दिसला नाही. कारण एका मर्यादेनंतर साबण वाढवला तरी पृष्ठताण आणखी उतरत नाही. या परीक्षेत सगळेच पास!

दुसरी परीक्षा, फेसाची. सारख्या बाटल्यांत सारखे द्रावण घेऊन दहा वेळा हलवा आणि फेसाची उंची मोजा. येथे भांड्यांचा साबण पहिला आला. या गुणांना फार महत्त्व देऊ नका. कपडे धुण्याच्या यंत्रांसाठी मुद्दाम कमी फेसाची पावडर करतात, आणि तरीही तिने कपडे स्वच्छ निघतात.

तिसरी परीक्षा, हळदीची. हळद पाण्यात कालवून कागदाच्या पट्ट्यांवर लावा व वाळवा. आम्लारिधर्मी द्रावणात, म्हणजे सामू साधारण साडेआठच्या वर गेला, की पिवळी हळद तांबूस होते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, तीच ही क्रिया. पावडरीच्या द्रावणात पट्टी लगेच लाल झाली. इतर दोन पिवळ्याच राहिल्या.

चौथी परीक्षा, निसरडेपणाची. ही माझी आवडती. रंगवलेला जुना पत्रा फळीवर बसवा. एका लहान डबीत वाळू भरून तिला खालून मऊ कापड गुंडाळा. पत्रा आणि कापड द्रावणाने भिजवा, डबी वर ठेवा आणि फळीचे एक टोक सावकाश उचला. डबी ज्या कोनाला घसरू लागते, त्या कोनाची स्पर्शिका म्हणजे स्थैतिक घर्षणाचा गुणांक. समजा, साध्या पाण्याने डबी २७ अंशांना घसरली, तर गुणांक ०.५१. साबणाने १७ अंशांना घसरली, तर ०.३१. प्रत्येक वाचन पाच वेळा घ्या आणि सरासरी काढा. आमच्याकडे सर्वांत कमी कोनाला घसरली ती 'ब' नमुन्याची डबी. नंतर कळले, की 'ब' म्हणजे गाडीचा शाम्पू. फेसात तो दुसरा आला होता.

पाचवी परीक्षा, डागांची. काळ्या फरशीवर प्रत्येक द्रावणाचा एक थेंब आणि साध्या पाण्याचा एक थेंब ठेवून वाळू द्या. पावडरीचा डाग सर्वांत पांढरा होता. पण साध्या पाण्याच्या थेंबानेही कडे उमटवलेच! तो दोष साबणाचा नव्हे, पाण्यातील क्षारांचा. म्हणून गाडी उन्हात धुऊ नये आणि धुतल्यावर लगेच कोरडी करावी.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची

आता जुन्या सीडी घ्या. त्यांची चकचकीत बाजू पॉलिकार्बोनेटची असते, तिच्यावर ओरखडे चटकन उमटतात. चिमूटभर धूळ टाकून एक सीडी कोरड्या फडक्याने, दुसरी साध्या पाण्याने, तिसरी शाम्पूच्या पाण्याने पुसा. दाब आणि फेऱ्या सारख्याच. कोरड्या फडक्याची सीडी सर्वांत वाईट निघाली, शाम्पूची सर्वांत चांगली.

मग मी चौथी सीडी घेतली. शाम्पू तोच, पण फडके बुडवले ते सात गाड्या धुऊन झालेल्या बादलीत. बादलीच्या तळाशी बोटभर गाळ होता. ती सीडी विजेरीखाली धरली आणि काय दिसावे? काकांच्या बॉनेटवरची तीच वर्तुळे! उत्तम साबणही गाळापुढे हरला. फडके प्रत्येक वेळी बादलीतून स्वच्छ होऊन नव्हे, तर वाळू घेऊन बाहेर येत होते.

मी त्या चारही सीडी आणि विजेरी घेऊन काकांकडे गेलो. ते बराच वेळ विजेरी हलवून पाहत होते. मग त्यांनी उठून पाकीट आणले. मुलाला त्याचे पैसे मिळाले. सोसायटीने आणखी एक बादली दिली. आता एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसरीत फडके खंगाळण्याचे साधे पाणी. आधी गाडीवर पाणी ओतून सुटी धूळ वाहू द्यायची, मग वरून खाली पुसत यायचे, आणि चाकांचे फडके वेगळे ठेवायचे. दुसऱ्या बादलीचे पाणी गढूळ झाले, की ते बदलायचे आणि गाळ बसल्यावर झाडांना घालायचे.

मित्रहो, तुमच्या गावचे पाणी वेगळे, धूळ वेगळी, साबणही वेगळे. तेव्हा माझे निकाल तुम्ही आहेत तसे घेऊ नका. वर्गातील चार-पाच जणांचे गट करा आणि नमुन्यांवर अ, ब, क लिहून या परीक्षा स्वतः घ्या. बाटलीच्या किमतीला तिच्यात होणाऱ्या धुण्यांच्या संख्येने भागून एका धुण्याचा खर्चही काढा. वाचनांचा तक्ता करून शिक्षकांना दाखवा. आणि आज रात्री जेवताना ताटातील दिव्याभोवतीची वर्तुळे पाहायला मात्र विसरू नका.