कणसाची परीक्षा करणारा मंत्री : हेन्री वॉलेस

सुंदर दिसणारें कणीस जास्त पिकतें काय, असा प्रश्न आयोवा संस्थानांतील एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास पडला, व त्याचें उत्तर त्यानें शेतांत शोधलें. ही गोष्ट १९०४ सालची. आयोवा म्हणजे अमेरिकेंतील मक्याचें माहेरघर. तेथें त्या काळीं कणसांचीं प्रदर्शनें भरत. ज्याच्या ओळी सरळ, दाणे एकसारखे व टोंक भरलेलें, त्यास बक्षीस मिळे, आणि बियाण्यासही तेंच उत्तम असें शेतकीचे प्राध्यापक सांगत. या मुलानें परीक्षकांनीं क्रम लावलेलीं तीसेक कणसें मागून आणलीं, प्रत्येकाचे दाणे निराळ्या ओळींत पेरले आणि सुगीस पीक वेगवेगळें मोजलें. पहिल्या नंबरचें कणीस मापांत जवळजवळ तळाशीं गेलें! बियाणें निवडतांना आपलीही भिस्त बहुधा डोळ्यांवरच असते, म्हणून ही हकीकत मुद्दाम दिली.

हा मुलगा म्हणजे हेन्री अगार्ड वॉलेस. जन्म ७ ऑक्टोबर १८८८. आजोबा व वडील शेतकीविषयक पत्राचे संपादक. वडील १९२१ ते १९२४ पर्यंत अमेरिकेचे शेतकीमंत्रीही होते. गुलामाच्या पोटीं जन्मून पुढें विख्यात झालेले कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे विद्यार्थी असतांना या मुलास रानांत हिंडवून झाडें ओळखावयास शिकवीत.

पुढें वॉलेस यांनीं संकरित मका हातीं घेतला. एका वाणाचें त्याच वाणाशीं पिढ्यान् पिढ्या फलन केलें कीं झाडें खुरटतात. परंतु अशा दोन खुरट्या वाणांचा, एकाचे तुरे खुडून, संकर केला म्हणजे संतति जोमदार निपजते. १९२६ सालीं त्यांनीं अशा बियाण्याची कंपनी काढली. यांत मेख एकच : घरच्या पिकांतून राखलेलें बी पुढच्या वर्षीं तो जोम दाखवीत नाहीं; दर सालीं पैसे मोजावे लागतात. तरीही आयोवांत १९३५ सालीं दहांत एका हिश्शाहूनही कमी असलेला हा मका चार वर्षांत दहांत नऊ हिश्शांवर गेला.

१९३३ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं त्यांस शेतकीमंत्री नेमलें, तेव्हां धारण इतकी पडली होती कीं कोळशापेक्षां मका स्वस्त म्हणून लोक तोच चुलींत जाळीत. जमीन पडीक ठेवणारास भरपाई देऊन पीक कमी करावें, असा कायदा झाला. पण कापूस आधींच उगवला होता. तेव्हां सुमारें १ कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकला आणि ६० लक्ष डुकरें मारलीं. ओळींवर पाय न देण्याचें शिकविलेलीं खेंचरें कापसावरून चालेनात, असें सांगतात. खेंचरांस जें कळलें तें सरकारास कळूं नये, अशी टीका झाली. स्वतः वॉलेस यांनाही हें कृत्य रुचलें नव्हतें. मात्र कापसाचा भाव पौंडास साडेसहा सेंटांवरून दहाच्या आसपास आला.

भरपाई मिळाली ती मुख्यतः जमीनमालकांस. पेरा घटल्यामुळें दक्षिणेंतील वाटेकरी कुळें बेघर झालीं. त्यांचा पक्ष घेणाऱ्या खात्यांतील वकिलांस १९३५ सालीं काढून टाकण्यांत आलें, व त्यास वॉलेस यांनीं संमति दिली. कणसाच्या परीक्षेंत ज्यानें मोठ्या नांवाची भीड धरली नाहीं त्यानें येथें ती धरली, असें आम्हांस वाटतें.

१९३६ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो कायदा रद्द ठरविला. १९३८ च्या कायद्यांत वॉलेस यांची आवडती योजना आली : सुबत्तेच्या वर्षीं धान्य तारण ठेवून शेतकऱ्यास कर्ज द्यावें, आणि टंचाईंत तें कोठार खुलें करावें. ही कल्पना त्यांस प्राचीन चीनच्या कोठारांवरून सुचली. महायुद्धांत हा साठा फार उपयोगीं पडला.

१९४० अखेर ते मेक्सिकोस गेले व तेथील तुटपुंजें पीक पाहून त्यांनीं रॉकफेलर संस्थेस मदतीचा आग्रह केला. त्या कामांतूनच बोरलॉग यांचे बुटके गहू निपजले; भारतानें १९६६ सालीं १८,००० टन बियाणें आणविलें तें यांचेंच.

१९४१ ते १९४५ ते उपाध्यक्ष होते. नंतर व्यापारमंत्री झाले. परंतु रशियाविषयींच्या धोरणावरून ट्रूमन यांनीं १९४६ सालीं त्यांस दूर केलें. १९४८ सालीं नव्या पक्षातर्फे ते अध्यक्षपदास उभे राहिले व साफ पडले. पुढें न्यूयॉर्क संस्थानांतील आपल्या शेतावर कोंबड्या, मका व स्ट्रॉबेरी यांचे संकर करून पाहत राहिले. १८ नोव्हेंबर १९६५ रोजीं त्यांचें निधन झालें.