काकांची खिडकी

पेणहून रोह्याला एसटीने जाताना वाटेत नागोठणं लागतं. तिथल्या आयपीसीएलच्या पेट्रोकेमिकल प्रकल्पात नोव्हेंबर 1990 मध्ये गॅस गळून स्फोट झाला, तीसहून जास्त माणसं गेली. माझे काका रोह्याजवळच्या एका केमिकल कारखान्यात कंट्रोल रूमला आहेत. त्यामुळे ‘ब्लास्ट रेझिस्टंट डिझाइन’ हा विषय माझ्यासाठी नुसता सेमिनारचा राहिला नाही. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या.)

1974 साली इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोच्या कारखान्यात असाच गॅसचा स्फोट झाला. 28 जण गेले, त्यातले 18 एकट्या कंट्रोल रूममधले.

भूकंप इमारतीला काही सेकंद हलवत राहतो. स्फोटाचा मामला मिलीसेकंदांचा! हवेचा दाब एकदम चढतो, समोरच्या भिंतीवर आपटून दुपटीहून जास्त होतो आणि मग उलटी ओढ लागते. म्हणजे भिंत आधी आत वाकते, नंतर बाहेर. म्हणून सळया भिंतीच्या दोन्ही अंगांना लागतात. गंमत बघा, भूकंपात इमारतीचं वजन नडतं, इथे तेच कामाला येतं. जड भिंत नीट हलायला लागेपर्यंत धक्का बराचसा ओसरलेला असतो.

पण नुसतं जाड काँक्रीट टाकून भागत नाही. आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत प्लास्टरमध्ये काथ्या घालतात. तडा गेला तरी तुकडा काथ्याला लोंबत राहतो, निखळत नाही. सळईचं काम तेच. भिंत वाकू दे, तडकू दे, नंतर पाडावी लागली तरी हरकत नाही, पण आतल्या माणसाच्या अंगावर यायला नको. म्हणून रिंगा जवळजवळ, त्यांचे हूक 135 अंशांत आत वळवलेले, आणि भिंत जिथे सगळ्यात जास्त वाकणार तिथे सळयांचे जोड नाहीत. आयएस 4991 हा आपला कोड यासाठीच 1968 साली आला. आणि अंतरासारखा उपाय नाही: दुप्पट लांब गेलं, तर तेवढाच दाब यायला आठपट स्फोटक लागतं.

उरली काच. भिंतीच्या कितीतरी आधी ती फुटते आणि सुऱ्यांसारखी उडते. दिवाळीत हे सगळं काकांना सांगितलं. ते हसले, म्हणाले, “अरे, आमच्या रूमला प्लांटच्या बाजूला चांगली सहा फुटी खिडकी आहे, सगळं दिसतं.” नंतर फोनवर कळलं, त्यांनी टेबल कोपऱ्यात सरकवलंय. खिडकी आहे तिथेच आहे.